स्क्रू कुठे थांबवायचा

बस डेपोतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी घराच्या मागच्या खोलीत चेनसॉ दुरुस्त करायचं मनावर घेतलं, आणि माझी दोन पातेली, भाजीची टोपली आणि एक चांगला टॉवेल कामी आला.

झाडं तोडणारे लांबून येतात ते नुसत्या दुरुस्तीसाठी नाही. हे सायलेन्सरचं तोंड कापून मोठं करतात. मशीनला मोकळा श्वास मिळतो, जाडजूड खोडही भराभर कापलं जातं. पण मग पेट्रोलही जास्त लागतं, आणि ते बेताने सोडायला एक छोटा स्क्रू असतो. स्क्रू आवळत न्यायचा, आवाज शिट्टीसारखा बारीक झाला की मागे घ्यायचा, त्यात जराशी गुरगुर मिसळली की थांबायचं. यासाठी मीटर मिळतो म्हणे. पण त्याचं नाव काढलं की ह्यांच्या कपाळाला आठी. 'कान कशाला दिलेत मग?'

गेले काही महिने मात्र काय बिनसलं, कळेना. ह्यांनी हात लावलेली मशीनं जळून परत येऊ लागली. पिस्टनवर ओरखडे, सिलिंडर निकामी. आधी हे गिऱ्हाइकांवर घसरले, 'तेल कमी घालता तुम्ही.' मग स्वतःच पेट्रोलमध्ये तेल मिसळून देऊ लागले. तरी तेच. दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल आणून झालं. साबणाचं पाणी लावून, कुठून हवा शिरते तेही पाहिलं. कुठूनच शिरत नव्हती. जेवताना घास हातात धरून हे मध्येच म्हणायचे, 'मग जळतंय का?' मला विचारत होते की भिंतीला, देव जाणे. मीही चक्रावून गेले होते.

लंबू हे ह्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. उंच झाडांवर चढून फांद्या कापतो. त्याचं मशीन दुसऱ्यांदा जळलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "काका, दोरीला लटकलेलो असताना बंद पडलं. एकदा शेवटचं बघा. नाहीतर मी दुसरीकडे नेईन."

तो गेल्यावर हे म्हणाले, "आता हात लावायचीच भीती वाटते. ह्या वेळी जळलं तर खोलीला कुलूप." त्या खोलीचा मला वैताग होता, पण तिला लागलेलं कुलूप मला बघवलं नसतं.

एरवी मशीन सुरू झालं की मी दारं-खिडक्या लावून घेते. त्या दिवशी मात्र लंबूच्या मशीनला नवा पिस्टन बसवून हे अंगणात बसले, तेव्हा मी तिथेच कपडे वाळत घालत होते. आवाज बारीक झाला. आता मागे घेतील, म्हटलं. हे आपले आवळतायत. मशीन किंचाळायला लागलं, माझे दात शिवशिवले, आणि हे मान तिरकी करून शांतपणे वाट बघतायत. कसली वाट? मला काही समजेना. हातातली चादर टाकून मी धावले आणि बटण बंद केलं.

"अहो, केव्हाचं किंचाळतंय ते."

"किंचाळतंय?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "मी बारीक आवाज यायची वाट बघतोय. आलाच कुठे अजून?"

काय झालंय ते माझ्या लक्षात आलं. तो आवाज ऐकूच न आल्याने हे आवळत राहायचे, पेट्रोल आणि त्यातलं तेल कमी पडायचं, आणि मशीन जळायचं. ह्यांना समजायला वेळ लागला. ते मशीनकडे बघत होते, मग माझ्या तोंडाकडे, मग परत मशीनकडे.

नंतर मी समोर उभी राहिले. बारीक झाला की हात वर, गुरगुर मिसळली की खाली. चाळीस वर्षांत ह्यांनी माझं इतकं निमूट कधी ऐकलं नव्हतं. लंबू मशीन घेऊन गेला, आणि आठवड्याने त्याचा फोन आला की झकास चाललंय.

हे खूष होतील असं वाटलं होतं. ते पायरीवर बसले. "किती दिवसांपासून असेल गं हे?"

"काय माहीत," मी मोठ्याने म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम माझ्याकडे लक्ष देत नाही."



"आणि मला वाटायचं, तू माझ्याशी बोलणंच कमी केलंयस."