खोल चिखलाचं पाणी

माझी नात समुद्राच्या तळाशी असलेल्या चिखलाच्या ज्वालामुखींवर पीएच.डी. करत होती. शेजारच्या चाचीला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चिखलाचा ज्वालामुखी? आन लाव्हा न्हाय?" लाव्हा न्हाय बाई. तळाखालून चिखल, पाणी आणि गॅस वर येतो, एवढंच. तो चिखल जहाजावर ओढून घेतात, त्यातलं पाणी पिळून काढतात, आणि त्या पाण्यात काय काय विरघळलंय ते नात तपासते. माझी शाळा सातवीत सुटली, पण हे मात्र तिच्याकडून ऐकून ऐकून शिकले.

गेल्या महिन्यात तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. घरूनच, कॉम्प्युटरवर. आदल्या दिवशी दुपारी पोरगी जेवेना. कारण काय, तर तिच्या पाण्यात मीठ समुद्राच्या निम्मंच निघालं होतं. परीक्षक म्हणणार, नमुन्यात बाहेरचं पाणी मिसळलंय. मग इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

"बस समोर," मी म्हटलं. "मी परीक्षक." चष्मा चढवला, पदर खोचला. "काय वो मॅडम, बाटल्या नळाखाली इसळून तशाच भरल्यासा की काय?"

तोंड असं उतरलं तिचं! मग एकदम भडकली. "आज्जी, कायबी बोलू नकोस! ते पाणी मातीनंच धरून ठेवलेलं असतंय. खोल गेलं की उष्णता वाढती, दाब वाढतो, मग माती ते सोडती. त्यात मीठ नसतंय."

"व्हय की." आम्ही नवी चूल घालायचो ना, आठ दिवस उन्हात खडखडीत वाळवायची, तरी पहिला जाळ घातला की तिच्या अंगातून वाफ निघायचीच. "मला पटलं. पण त्यांना कसं पटवशील? रश्श्यात कुणी पाणी ओतलं तर मीठबी उतरतंय आन तिखटबी. तुझं तिखट कुठाय?"

ती ताडकन उठली. "बोरॉन! आज्जी, मीठ उतरलंय, पण बोरॉन समुद्रापेक्षा जास्त हाय. तापलेल्या मातीतनं तेबी सुटतंय. नळाचं पाणी असतं तर तेबी उतरलं असतं की!"

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. घाबरून तिनं ते परीक्षेत दाखवायच्या पार शेवटच्या चित्रात ढकललं होतं. तिथून काढून पुढं आणलं, आणि मग दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी चाची आणि मी बंद दाराबाहेर बसलो. आतलं सगळं इंग्रजीत. एका परीक्षकाचा आवाज चढला. आणि मग पोरीच्या तोंडून खणखणीत "बोरॉन" आलं. मी चाचीचा हात इतका दाबला, की ती कळवळली, "अगं बांगड्या फुटत्यात!"

तासाभरानं दार उघडलं.

"आज्जी, पहिलाच प्रश्न बाटल्यांचा!"

"मग?"

"मग काय, झाले की पास! पण त्यांनी तुझ्यापेक्षा नीट विचारलं हां," म्हणाली, आणि गळ्यातच पडली.