साडेतेरा इंचांचा खांदा

आमच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं येत. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेतीतून उरलेल्या वेळात सभांना जायचे आणि खिसे भरून पत्रकं आणायचे. दारूबंदीची, हुंड्याविरुद्धची, पाण्याची, विजेची. गुलाबी, पिवळी, बोटाला शाई लावणारी. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. बरोबरीच्या मुली ‘कमळ’ वाचत होत्या तेव्हा मला ‘धिक्कार’ जोडाक्षरासकट वाचता येत होता. पाहुणे आले की अण्णा म्हणायचे, “वाच,” आणि मी एक हात वर करून वाचायचे. पाहुण्यांचा चहा गार व्हायचा.

त्या पत्रकांत एक विषय पुन्हा पुन्हा येई: बाईचं नटणं. बांगडी म्हणजे बेडी, पावडर म्हणजे फसवणूक, आरसा म्हणजे वेळेची नासाडी. मला ते सगळं पटलं होतं, त्यातलं बरंच आजही पटतं. घरात आरसा एकच, मोरीवर, अण्णांच्या दाढीपुरता, त्यांच्या उंचीला टांगलेला. मला त्यात कपाळ तेवढं दिसायचं.

अकरावीला आष्टीच्या कॉलेजात गेले तेव्हा चेहरा मुरुमांनी भरला होता. अंगावर ढगळ ड्रेस, खांद्यावरून घसरणारा, वर ओढणी दोन्हीकडून पिन लावून. मैत्रिणींना मी ठणकावून सांगायचे, “मला दिसण्याची फिकीर नाही.” हे खोटं होतं. जिला फिकीर नसते ती एसटीच्या काचेजवळची जागा टाळत नाही. मोटारसायकल उभी दिसली की तिच्या आरशाला वळसा घालून जात नाही. एकदा तर गोरं होण्याची क्रीम आणून मी महिनाभर चोरून लावली. रंग होता तसाच राहिला, मी फक्त राखेत लोळल्यासारखी दिसायला लागले. त्याच महिन्यात कॉलेजच्या भित्तिपत्रकात त्याच क्रीमविरुद्ध माझा लेख लागला होता. लोकांनी त्याचं फार कौतुक केलं.

लिहायला मात्र मी कधी घाबरले नाही. आमच्या गावात एसटी येत नव्हती. ती फाट्यावरून जायची, आणि फाटा गावापासून तीन किलोमीटर. सकाळी कॉलेजला जाणाऱ्या मुली ते अंतर चालत जायच्या. रस्त्याला टवाळ पोरं, पावसात चिखल. दहावी झाली की एकेक मुलगी घरी बसायची. मी त्यावर पत्रक लिहिलं: ‘सकाळची गाडी गावात आलीच पाहिजे.’ आष्टीच्या बाजारात ते वाटलं. लोक भाजीच्या पिशव्या खाली ठेवून वाचत होते. मी लांबून बघत होते आणि छाती फुगली होती.

ते पत्रक जालन्यापर्यंत गेलं. तिथं बचत गटाच्या बायकांचा मेळावा होता, मला बोलायला बोलावलं. माईकवरच्या बाईंनी पुकारलं, “आता पत्रक लिहिणाऱ्या ताई बोलतील.” मी उठले. त्या माझ्या डोक्यावरून मागं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “बाळा, तू बस खाली. ताई आल्या न्हाईत का गं तुझ्यासंगं?”

मी म्हणाले, “न्हाई आल्या.”

आणि बसले. मला कुणी हाताला धरून बसवलं नव्हतं हो. एक वाक्य बोलायचं होतं, ‘ती मीच.’ ते मी बोलले नाही, कारण मनात मलाही तेच वाटत होतं: पत्रक लिहिणारी बाई अशी दिसत नसते.

त्यानंतर मी लिहायचे आणि माझा चुलतभाऊ सभेत वाचायचा. दादाचा आवाज मोठा, शर्ट कडक. लोक म्हणायचे, “लई भारी लिहितो राव हा.” पहिल्या वेळी दादा हसून गप्प राहिला. दुसऱ्या वेळी त्यानं मान डोलावली. मी मागं बायकांत बसून ओढणीचं टोक चावत होते.

हे असंच चाललं असतं. पण एका ग्रामसभेच्या आठ दिवस आधी दादा घरी आला. त्याला पंचायतीला उभं राहायचं होतं आणि त्यासाठी सरपंचांची मर्जी हवी होती.

“थोडं मवाळ करावं लागंल,” तो म्हणाला. “सरपंच म्हणतेत, गाडी बाजाराच्या दिवशी मागू. सकाळची रोजची कशाला? पोरीच तर हायेत.”

“पोरींसाठीच तर लिहिलं, दादा.”

“मंग तू बोलती का उभी राहून? न्हाई ना? मंग मी वाचीन ते बराबर.”

तो गेला. पहिल्यांदा मला स्वच्छ दिसलं की माझी लाज आता माझ्या एकटीपुरती राहिली नव्हती. मी उभी राहिले नाही तर माझ्याच शब्दांनी गाडी बाजारच्या दिवसावर ढकलली जाणार होती. आठ दिवसांत मला माणसांसमोर उभं राहता यायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या ढगळ ड्रेसात उभं राहायचं नव्हतं.

आई बाहेर गेली होती. मी आहेराची पेटी उघडली. आमच्याकडं लग्नात पाहुण्यांना शर्टाचं, पँटचं कापड देतात. ते सहसा कुणी शिवत नाही. पुढच्या लग्नात ते दुसऱ्याला जातं, तिथून तिसऱ्याला. एक विटकरी रंगाचं कापड तर फिरून फिरून आमच्याच घरी तीनदा आलं होतं. ओळखायला आईनं त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला होता. ते मी उचललं, पिशवीत घातलं आणि आष्टीला गेले.

बायकांचे कपडे शिवणाऱ्या आमच्या नेहमीच्या मावशींकडं गर्दी होती, म्हणून मी बाजारातल्या म्हाताऱ्या शिंपीचाचांकडं गेले. ते पुरुषांचे कपडे शिवायचे. त्यांची बायको, चाची, मागं बसून काजं करायची.

“चाचा, याचा कुर्ता शिवून द्या. जल्दी पाहिजे. हा मापाचा ड्रेस आणलाय.”

चाचांनी ड्रेस उलगडला. माझ्याकडं बघितलं. पुन्हा ड्रेसाकडं.

“ये किसका है बेटा?”

“माझाच.”

“तुझा न्हाई हा. तुझ्यासारख्या दोघी मावतेल याच्यात. कोनाच्या मापावर शिवला?”

मी आठवू लागले. आमच्याकडं बाईच्या अंगाचं माप कुणी घेत नाही. जुना ड्रेस द्यायचा, त्याच्यावरून नवा शिवायचा. हा ड्रेस कुणावरून शिवला होता? त्याच्या आधीच्या ड्रेसावरून. तो? त्याच्या आधीच्या. आणि सगळ्यात पहिला ड्रेस होता माझ्या थोरल्या चुलतबहिणीचा, तिच्या लग्नात ती मागं ठेवून गेली तो. ताई चांगली उंच, भरल्या अंगाची. म्हणजे सहा वर्षं प्रत्येक नवा ड्रेस मी ताईच्या मापाचा शिवून घेत होते! आणि खांदा घसरला की वाटायचं, खोट माझ्या खांद्यात आहे.

मी हे सांगितल्यावर चाची इतकी हसली की तिच्या हातातली सुई खाली पडली. “अगे माय गे! बहीण तिकडं सासरी नांदून राह्यली, अन् तिचं माप हिच्या अंगावर!” मग टेप घेऊन ती माझ्यामागं आली. ती माप घ्यायची, चाचा पडद्यापलीकडून लिहून घ्यायचे.

“खांदा साडेतेरा!” चाची ओरडली.

“अन् घालून फिरती सोळाचा,” चाचा म्हणाले.

साडेतेरा. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला मोजत होतं. चाचीनं पाठीवर थाप मारली, “सीधी खडी रह. कुबड काढून कशाला उभी राहती? माप चुकतं.” मी सरळ उभी राहिले. किती दिवसांनी राहिले, देव जाणे.

“अजून काही?” चाचांनी विचारलं.

“खिसे,” मी म्हणाले. “दोन. पुरुषांच्या शर्टाला असतात तसे, हात जाईल एवढे.”

घरी आले तर आईनं पेटी उघडलेली होती. “ते विटकरी कापड कुठं गेलं? मामाच्या जावयाला द्यायचं हुतं ते शुक्रवारी!” मी सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. “जाऊ दे. किती वर्सं फिरून राह्यलं हुतं. कोनाच्या तरी अंगाला लागलं एकदाचं. जावयाला टॉवेल-टोपी देऊ.” त्याच संध्याकाळी तिनं माझ्या दोन चपट्या, तेलकट वेण्या सोडल्या, केस शिकेकाईनं धुतले, आणि एकच सैल वेणी घातली. कपाळावर ओढून बसवलेले केस मागं घेतले. “कपाळ चांगलं हाय तुझं. झाकती कशाला?” मुरुमं तशीच होती. तिनं ना त्यांचं नाव काढलं, ना कुठली क्रीम.

कुर्ता आला. मी तो घालून पाहत असताना अण्णा दारात उभे राहिले.

“सभेत विचार न्यायचा असतो की कपडा?” त्यांचा आवाज दुखावलेला होता. “तुला हेच शिकवलं का मी?”

मी अण्णांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “अण्णा, सभेला जाताना तुमचा शर्ट पांढराशुभ्र असतो. त्याला नीळ कोण घालतं? इस्त्री कोण करतं? चुरगळलेल्या शर्टात तुम्ही कधी भाषण केलंय का? तुम्ही नीट राहिलात की तो सभेचा आब, आणि मी राहिले की नटणं?”

चुलीजवळ बसलेल्या आईची भाकरी करपली, तिनं ती उलटलीच नाही. मग अण्णा आत गेले, इस्त्री घेऊन आले आणि जमिनीवर गोधडीची घडी टाकली. “काढ तो कुर्ता,” म्हणाले. त्यांना इस्त्री येत नव्हती. त्यांनी बाहीवर दोन चुण्या नव्या पाडल्या आणि त्या घालवायला पाऊण तास घालवला. “हे पत्रकात यायला पाहिजे हुतं,” एवढंच पुटपुटले.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या पिंपळाखाली भरली. पुढं सतरंजीवर पुरुष, मागं भिंतीकडं बायका, मातीवरच. गाडीचा विषय आला तसा दादा कागद घेऊन उठला. मीही उठले. दोन्ही हात खिशात घातले.

“दादा, तो कागद माझा आहे. मी वाचते.”

सगळ्या माना वळल्या. पुढून एक काका हसत ओरडले, “काय गं, आज लई टापटीप! बघायला पाहुणे यायलेत का काय?”

पुरुषांत हशा पिकला. क्षणभर मला ओढणी डोक्यावर घेऊन खाली बसावंसं वाटलं. पण खाली बसलं की गाडी बाजारच्या दिवसावर जाणार, हे मला पाठ होतं.

“पाहुणे न्हाई, काका,” मी म्हणाले. “एसटी यायची हाय. सकाळी सहाची. तुमच्या नातीला न्यायला.”

आता बायका हसल्या. काकांच्या नातीचं नाव कॉलेजातून काढलेलं सगळ्यांना माहीत होतं. काका टोपी सारखी करायला लागले.

मी कागद वाचलाच नाही, बोलले. तीन किलोमीटर म्हणजे किती पावलं, ते रोज चालणाऱ्या मुलींना विचारा, म्हणाले. बाजारच्या गाडीनं वांगी जातात, मुली जात नाहीत, म्हणाले. सरपंच मध्येच म्हणाले, “बाजारची मागणी करू आधी, मंग बघू.” मी म्हणाले, “मंग बघू बघू म्हणता म्हणता पोरींची लग्नं होऊन राह्यलीत.” मला माझाच आवाज पिंपळाच्या पलीकडं गेलेला ऐकू आला. दादानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बसला.

ग्रामसेवकानं वहीवरून मान वर केली. “सूचक कोण लिहू?”

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. एकेक अक्षर मोकळं.

“अनुमोदक?”

मागून मेंढरं राखणाऱ्या घरातली एक काकू उठली. तिची मुलगी अकरावीत नाव घालून महिन्याभरात घरी बसली होती. ही काकू सभेत कधी बोललेली नव्हती. “अनुमोदक का काय म्हनत्यात त्ये मला ठावं न्हाई,” ती म्हणाली, “पर ही म्हनती तेच माझं. लिव्हा.”

मी ग्रामसेवकाला ठराव मोठ्यानं वाचून दाखवायला लावला. ‘रोज सकाळी’ हे दोन शब्द त्यात आहेत की नाहीत हे मला ऐकायचं होतं. होते. हात वर झाले, आधी भिंतीकडचे, मग सतरंजीवरचे, अगदी शेवटी टोपीवाल्या काकांचा. गाडी प्रत्यक्ष गावात यायला पुढं बरेच अर्ज आणि डेपोच्या बऱ्याच खेपा लागल्या. ती आली, आणि आज ती भरून जाते.

त्या दिवशी ठराव झाल्यावर सरपंचांनी कपाळ पुसलं. “झालं ना बाई आता समाधान? बस खाली.”

“न्हाई,” मी म्हणाले. “अजून एक विषय हाय. बायकांना सतरंजी का न्हाई?”