सिमेंटचे कपडे घातलेला ओढा

"कालवा नाही हो, ओढाच आहे. त्याला फक्त सिमेंटचे कपडे घातलेत." असं म्हणत ताई दोरीला बांधलेली छोटी बादली खाली सोडायच्या, वर ओढायच्या आणि सगळ्यात आधी पाण्याचा वास घ्यायच्या.

क्वीन्सटाउनमध्ये आमच्याच ब्लॉकमध्ये त्या राहत. मूळच्या नागपूरच्या, बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. मी चांगी बिझनेस पार्कात संगणकासमोर बसणारा माणूस. ब्लॉकमागे पाणी वाहतं, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा शेजारी लांब दांड्याच्या जाळ्यांनी कचरा काढायचो. त्यांत खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त चिनी अंकल असत. ते कधी काही बोलत नसत.

ताईंना भीड म्हणून नव्हती. खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमधल्या नूडलवाल्याला त्यांनी एकदा सुनावलं, की तळणीचं तेल गटारात ओतू नका. तो शांतपणे म्हणाला, "आंटी, यू ईट फर्स्ट, लाह." ताई मुकाट्याने बसल्या, सगळं संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी त्याने तेलासाठी वेगळा डबा ठेवला.

एका रविवारी पाणी दुधासारखं पांढरं झालेलं दिसलं. मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करत होते. "चुना किंवा सिमेंट," ताई म्हणाल्या आणि प्रवाहाच्या उलट दिशेने जवळजवळ धावतच निघाल्या. मी मागोमाग.

पलीकडच्या ब्लॉकमध्ये एका फ्लॅटची दुरुस्ती चालू होती. खाली एक बांगलादेशी कामगार सिमेंटच्या बादल्या थेट ओढ्याला मिळणाऱ्या गटारात धूत होता. आम्हाला पाहताच तो घाबरला. "दीदी, बॉस को मत बोलना. वापस भेज देगा."

ताई गटाराच्या कडेलाच थांबल्या. तक्रार केली तर याची नोकरी जाणार, नाही केली तर मासे. आम्हीही कंपनीने काढून दिलेल्या पासवर या देशात राहणारे, नोकरी गेली की पासही गेला, त्यामुळे परत पाठवणं म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुला धुवायला टाकी दिली होती का?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"नाही."

"मग चूक तुझी नाही. तेवढंच सांगणार."

त्यांनी सरकारी तक्रार क्रमांकावर फोन लावला. ठेकेदाराने टाकी दिलेली नाही, आणि सांगताच या माणसाने काम थांबवलं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तासाभरात सरकारी माणसं आली. त्यांनी वाळूची पोती लावून गटार अडवलं आणि पांढरं पाणी उपसून नेलं.

तो आठवडा ताईंना नीट जेवण गेलं नाही. "मी त्याला घरी तर पाठवलं नाही ना?" लिफ्टमध्ये भेटल्या की हेच.

पुढच्या रविवारी आम्ही आधी त्या ब्लॉककडे गेलो. तो तिथेच होता, एका मोठ्या निळ्या पिंपात बादली धूत. त्याने हात हलवला. ताई फुटपाथच्या कडेलाच बसल्या, चष्मा काढला आणि हसत हसत डोळे पुसत राहिल्या. पाण्यात काही मासे मेले होते, पण पुष्कळ वाचले होते.

दोन वर्षांनी त्यांचा करार संपला आणि त्या नागपूरला परत गेल्या. खरं सांगतो, आता हे सगळं बंद पडणार, अशी माझी खात्री होती. त्यानंतरच्या रविवारी मी उठलोच नाही.

सात वाजता बेल वाजली. दारात चिनी अंकल, हातमोजे घालून.

"कम, लाह," ते म्हणाले. "एव्हरीबडी वेटिंग."

मी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. अकरा माणसं उभी होती.