वलगावात कोणी परदेशी नाही

भुसावळ मागे पडलं आणि खिडकीबाहेरच्या जमिनीचा रंग बदलला. पुण्याच्या माणसाला काळी जमीन माहीत नसते असं नाही, पण हा काळा रंग तव्यासारखा गर्द होता आणि त्याच्यावर जिकडेतिकडे पांढरा कापूस फुटलेला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आमच्याकडे कुठेही उभं राहा, एखादा डोंगर नजरेला आडवा येतोच. इथे नजर अडवायला काही नव्हतंच. खरं सांगायचं तर मला जरा भीतीच वाटली.

समोरच्या बाकावर डॅनियल होता. मूळचा युगांडाचा, शेतकीचा विद्यार्थी. सरकारी शिष्यवृत्तीवर दोन वर्षं आमच्या वसतिगृहात राहत होता, आणि मी त्या वसतिगृहाचा अधीक्षक. कापसाचा एक हंगाम त्याने वऱ्हाडात काढायचा असं कॉलेजाने ठरवलं आणि त्याला पोचवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. हे काम नुसत्या सोबतीचं नव्हतं. परदेशी विद्यार्थ्याने जिल्हा बदलला की नव्या जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत मुदतीच्या आत नोंद व्हावी लागते. आदल्या वर्षी आमच्याच एका मुलाने सुट्टीत बिऱ्हाड हलवलं, नोंद करायची राहिली, आणि त्याला देश सोडायचा हुकूम आला. शिक्षण अर्धवट टाकून तो बोटीत बसला. डॅनियल त्याला पोचवायला बंदरावर गेला होता. तेव्हापासून आपलं नोंदणीचं कार्ड तो शर्टाच्या खिशात ठेवी आणि गाडीत दर थोड्या वेळाने छातीवर हात नेऊन ते चाचपून बघे.

"आमच्याकडेही कापूस होतो, सर," तो म्हणाला. "पण आमची माती लाल आहे. आणि आकाश एवढं मोठं नाही."

बडनेऱ्याला उतरून आम्ही अमरावतीच्या छोट्या गाडीत बसलो. शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांनी डॅनियलला निरखून पाहिलं.

"पाव्हणे कुठले?"

"युगांडाचे."

"म्हंजे मुंबईच्या पलीकडं?"

"बरंच पलीकडे."

"जेवले काय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फडकं सोडून भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. पुण्याच्या गाडीत मी आजवर एवढ्या लवकर कोणाचा डबा उघडलेला पाहिलेला नाही, आणि माझाही उघडलेला नाही. डॅनियलने ठेचा तोंडात घातला आणि अमरावती येईपर्यंत त्याच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नाही.

पोलीस कचेरीतले अधिकारी कमी बोलणारे निघाले. अर्ज त्यांनी दोनदा वाचला. "आमचा माणूस गावात येईल. हा इसम तिथे राहतो अशी खात्री झाली की शिक्का मिळेल. मुदत शनिवारपर्यंत आहे, हे ध्यानात ठेवा." मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. यात अवघड ते काय!

आमचे यजमान अमरावतीजवळच्या वलगावचे शेतकरी नारायणराव आणि त्यांच्या पत्नी गंगाबाई. दारात पाऊल टाकलं तेव्हा एका खोलीचं दार उघडंच होतं, आणि आत बघून मी उभाच राहिलो. जमिनीपासून आढ्यापर्यंत नुसता कापूस. खिडकीतून उन्हाचा पट्टा त्यावर पडला होता आणि सगळी खोली आतून उजळल्यासारखी दिसत होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी कापूस पाहिला तो वातीपुरता.

संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे (गव्हाच्या कणकेचे भाजलेले गोळे) भाजले गेले. ते फोडून, तुपात बुडवून, वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. मी तिसऱ्याला नको म्हटलं तर गंगाबाईंनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. डॅनियल मात्र पुण्यात शिकलेल्या शुद्ध मराठीत "कृपया आणखी एक द्यावा" म्हणाला आणि अख्खी गल्ली हसली.

"हा तं पुस्तकावानी बोलते, बाप्पा!" गंगाबाई म्हणाल्या आणि दोन वाढले.

अकोल्याच्या शेतकी कॉलेजात त्याच्या पुढच्या मुक्कामाची सोय बघायला मी एकटाच गेलो. काम चटकन झालं, पण कापसाच्या बाजाराशी माझे पाय थबकले. गाड्या, गाड्या आणि गाड्या. पाहावं तिकडे कापसाने भरलेल्या बैलगाड्या, बैलांच्या घुंगरांचा एकच आवाज, आणि हवेत उडणारे तंतू थेट माझ्या मिशीत. एका गाडीवानाला मी विचारलं, "एवढा कापूस जातो कुठे?"

"तुमच्या आंगावर," तो म्हणाला आणि माझ्या सदऱ्याकडे बोट केलं.

शुक्रवारी दुपारी वलगावला परतलो तर गंगाबाई मोठ्या आनंदात.

"पोलीस आला होता. मी सांगून देलं, इथं कोनी परदेशी नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "आणि डॅनियल?"

त्यांनी कापसाच्या खोलीचं दार उघडलं. केसांत, भुवयांवर कापूस घेऊन डॅनियल बाहेर आला. "सर, मला वाटलं ही इथली पद्धत असेल," तो म्हणाला.

पद्धतच होती ती. नारायणरावांनी मला समजावलं. इंग्रजांच्या अमदानीत चळवळीतली पोरं या गल्लीत आसऱ्याला असत. पोलीस दारात आला की कोणीही असो, उत्तर ठरलेलं, इथं कोनी नाही. इंग्रज गेले, उत्तर राहिलं. शिपायाने आणखी चार घरी विचारलं होतं आणि चारही घरांनी तेच सांगितलं होतं.

मी भडकलो. पाहुण्याने बोलू नये ते बोललो. तुमच्या या शहाणपणापायी पोराचं शिक्षण जाईल म्हणालो. डॅनियलचा हात छातीवर गेला होता.

"मला परत पाठवतील?" त्याने विचारलं.

"पाव्हण्याले पोलिसाच्या हाती देता काय?" गंगाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज उतरला होता. "उद्या मी येते कचेरीत."

शनिवारी सकाळी दमणी (हलकी बैलगाडी) जुंपली गेली. मागे आणखी दोन गाड्या. खोटं बोललेली चारही घरं आपण होऊन निघाली होती. एका परदेशी पोरासाठी कामाच्या दिवसात वेचणी सोडून ही माणसं निघालेली बघून माझा राग कुठल्या कुठे गेला आणि शरम तेवढी उरली.

अधिकाऱ्यांपुढे शिपायाचा अहवाल होता. "सदर इसम गावात राहत नाही. तुम्हीच सांगितलंत. आता राहतो म्हणता. मी कोणतं खरं मानू?"

"खोटं बोलली मी," गंगाबाई म्हणाल्या. "पन तुमी याचं नाव कायले ल्याहून ठेवता, थे सांगा पहिले."

अधिकाऱ्यांनी टाक खाली ठेवला. "बाई, हा मुलगा इथे एकटा आहे. उद्या आजारी पडला, विहिरीत पडला, कोणी मारहाण केली, तर हा कुठे होता आणि कोणाला कळवायचं, हे आम्हाला ठाऊक पाहिजे. आम्ही त्याच्या सरकारला कळवतो. ते त्याच्या घरी कळवतात."

"म्हंजे याच्या मायले?"

"हो."

"मंग थ्या पोलिसानं दारातच सांगाचं ना! आमाले वाटलं, न्याले आला." त्या टेबलाजवळ सरकल्या. "ल्याहा. माह्या घरी राह्यते. मिरची सोसत नाही त्याले. डाव्या कुशीवर झोपते. कालपासून खोकून राहिला, कापसानं. पोलीस आला म्हनून मीच कोंडला होता."

मागून चारही घरांनी एकदम बोलायला सुरुवात केली. एकाच्या बैलाला त्याने औषध पाजलं होतं, एकाच्या विहिरीवर तो रोज अंघोळीला जात होता. अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, शिपायाचा अहवाल खोडला, आणि कार्डावर शिक्का मारला. त्या ठप्पक्‌ आवाजाने डॅनियल दचकला आणि मग भिंतीला टेकून उभा राहिला.

आम्ही निघालो, पण गंगाबाई हलेनात.

"एक विचारू काय, साहेब? इथं याले काही झालं तं तुमी याच्या मायले कळवता. थो आपल्या देशाले गेला, अन् तिथं काही झालं, तं मले कोन कळवल?"

अधिकाऱ्यांनी समोरच्या अर्जाकडे पाहिलं. मग शिपायाकडे, मग माझ्याकडे.

"माझी आई कळवेल," डॅनियल म्हणाला. शुद्ध पुणेरी मराठीत, पण आवाज फुटला होता. "तिला मी तुमचं नाव आणि गाव आजच लिहून पाठवतो."

गंगाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "तिले वाचता येते काय?"

"नाही. कोणाकडून तरी वाचून घेईल."

"मीबी तसंच करन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून मी एकटाच गाडीत बसलो. येताना ज्या मोकळेपणाची भीती वाटली होती, त्याच्याकडे मी दिवेलागणीपर्यंत टक लावून बसलो होतो. पुण्यात पोचल्यावर लोक विचारू लागले, वऱ्हाडात काय पाहिलंत? कापूस सांगितला, रोडगे सांगितले, अकोल्याच्या गाड्याही सांगितल्या. कचेरीतलं मात्र सांगताना दर वेळी एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या त्या दोन निरक्षर बायांच्या पुढे मला हात जोडावेसे वाटतात.