कुत्र्याची बेगमी

लग्नानंतर मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहायला गेला, तेव्हा त्याने कपडे नेले, कॉम्प्युटर नेला आणि कुत्रा माझ्याकडे ठेवला. सुनेला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो. त्यात तिचा दोष नाही, कुत्र्याचाही नाही, तरी मी दोघांवरही काही दिवस चिडून घेतलं. माझे यजमान आधीच गेलेले. काचीगुड्याच्या या घरात आता मी आणि हे चार पायांचं ध्यान, एवढेच उरलो.

महिन्यातून एका रविवारी मुलगा कुत्र्याचं खाणं घेऊन यायचा. ते कोरडे तपकिरी दाणे असतात ना, पिशवीत मिळतात, ते. कुठल्याशा परदेशी कंपनीचं होतं. पिशवी खांद्यावर टाकून तो जिना चढायला लागला की कुत्रा दाराशी नाचायला लागायचा. मी धपाटे आणि दही तयार ठेवायची. पिशवी डब्यात रिकामी करून झाली की तो जमिनीवरच बसायचा, कुत्रा मांडीवर, धपाटं हातात. आलोच आहे तर म्हणून गॅसची टाकी बदलायचा, बल्ब लावून द्यायचा, माझ्या फोनमध्ये काय बिघडलं ते बघायचा. दुपारी झोप काढायचा. त्याच्या घोरण्यानेसुद्धा घर भरल्यासारखं वाटायचं.

एका रविवारी पिशवी फोडता फोडता तो म्हणाला, "आई, हे लई महाग झालंय यार." एवढंच. पण आईच्या कानाला असलं वाक्य पुरतं. घराचे हप्ते, त्यात हा कुत्र्याचा खर्च, आणि कुत्रा तर माझ्या सोबतीला. माझं मला लाजिरवाणं झालं.

मी कामाला लागले. आयुष्यभर बाजारात स्वस्त आणि चांगलं शोधण्यात मी कुणाला हार गेलेली नाही. साडीचा पोत बोटांनी कळतो मला, तूर दाताखाली धरून सांगते यंदाची की जुनी. आता कुत्र्याच्या खाण्याचा अभ्यास सुरू केला. हिमायतनगरच्या दुकानात जाऊन पिशव्या उलट्या करायची आणि मागची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून वाचायची. एवढं लवकर उमगलं की पुढच्या बाजूचा गुबगुबीत कुत्रा बघायचाच नाही. मागे जे पहिलं लिहिलेलं असतं, ते त्यात सगळ्यात जास्त. पहिलाच शब्द मका असेल तर पिशवी परत फळीवर. चातुर्मासात ज्या घरात कांदा चिरत नाहीत, त्या घरची बाई दुकानात उभी राहून कोंबडी किती आणि कोंबडीची चरबी किती ते वाचत होती. सासूबाई वरून बघत असत्या तर पुन्हा एकदा गेल्या असत्या.

शेवटी मिळालं. इथलंच, देशी, पहिला शब्द कोंबडी, किंमत निम्म्याच्या आसपास. आधी लहान पुडा आणला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं जुन्यात थोडं थोडं मिसळत गेले. पोट बिघडलं नाही, केस तुकतुकीत राहिले, आणि पठ्ठ्या ताटली चाटून पुसून ठेवायला लागला. मला इतका आनंद झाला की मी फोन करून मुलाला म्हणाले, "आता तू काही आणू नकोस. मी इथेच बघते सगळं, निम्म्यात."

"क्या बात है आई!" तो म्हणाला. मनापासून म्हणाला. मी दिवसभर खुशीत होते.

आणि मग मी आमच्या घराण्याला शोभेल असं काम केलं. माझं माहेर परभणीकडचं. आमच्यात उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करतात. धान्य एकदम घ्यायचं, गच्चीवर कडक उन्हं दाखवायची, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचं, की वर्षभर घोर नाही. एकटी झाल्यापासून माझी बेगमी बंद पडली होती. एका बाईला लागतं ते किती! आता निमित्त मिळालं. दुकानदाराकडे सगळ्यात मोठं पोतं होतं, ते घेतलं. रिक्षावाल्याकडून वर चढवून घेतलं. गच्चीवर जुनं धोतर अंथरून त्यावर दाणे पसरले, दोन-तीन उन्हं दाखवली आणि गव्हाच्या रिकाम्या कोठीत पाला घालून भरून टाकले. कुत्रा शेजारी बसून राखण करत होता. कितीतरी दिवसांनी माझ्या हातांना पुरतं काम मिळालं होतं.

पुढच्या महिन्यात मुलगा आला नाही. फोन आला. "आई, खाणं आहे ना त्याचं? मग पुढच्या आठवड्यात बघतो." पुढच्या आठवड्यात सुनेच्या मैत्रिणीकडे काहीतरी होतं. त्याच्या पुढच्या महिन्यातही फोनच. काचीगुड्याहून कुकटपल्ली म्हणजे काही परगाव नाही, पण रस्त्यावरची गर्दी बघितली की परगाव बरं. तो येत होता तो पिशवी घेऊन येत होता. पिशवी मी बंद केली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. कोठीत वर्षभराचं भरलेलं होतं, म्हणजे वर्षभर त्याला यायचं कारण नव्हतं. हे मला एका सकाळी दाणे काढून कोठीचं झाकण लावताना कळलं.

रविवारी मी तरी धपाटे करत राहिले. दोन मी खायची. उरलेले सोमवारी खायची.

मग कुत्र्याने खाणं सोडलं. ताटलीपाशी यायचा, हुंगायचा, माझ्याकडे बघायचा आणि जाऊन पडायचा. दहीभात दिला तर थोडा खायचा. तो वाळायला लागला. हाही गेला तर या घरात मी हाक कुणाला मारणार? ताटलीतलेच दाणे पुडीत बांधून मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी कुत्रा तपासला, मग दाणे नाकाशी धरले. "अम्मा, ये तो खराब हो गया. कहाँ रखे थे?"

मी सांगितलं. गच्ची, उन्हं, पाला, कोठी, सगळं.

"धूप में कायकू सुखाए अम्मा? ये गेहूँ थोड़ी है! तेल है इसमें. छोटा पैकेट लो, बंद करके रखो, महीने में खतम करो." त्या हसत होत्या, पण हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. मीही हुंगून बघितलं. खवट खोबऱ्याचा वास. मुक्या जनावराला कळलं, मला कळलं नव्हतं.

कुत्र्याला काही झालं नव्हतं. रिक्षात तो माझ्या पायांवर डोकं टेकून बसला होता, आणि खरं सांगते, मला खवट दाण्यांचं जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं. कोठी रिकामी करावी लागणार होती. खाणं पुन्हा लागणार होतं. दर महिन्याला, ताजं. घरी पोचून चप्पल काढायच्या आधी मी मुलाला फोन लावला.

"अरे, ते स्वस्तातलं सगळं खवट झालं. त्याने खाणंच सोडलंय. तू आणायचास ना, तेच आता लागेल बघ."

"अरे बापरे! बरा आहे ना तो?"

"बरा आहे. पण उपाशी आहे." मग मी हळूच म्हणाले, "रविवारी धपाटे करते."

"रविवारपर्यंत कशाला उपाशी ठेवायलीस आई? थांब, एक मिनट." तिकडे फोनवर बोटं चालल्याचा टकटक आवाज येत होता. मी थांबले. कुत्रा माझ्या आवाजातला बदल ओळखून उठून बसला होता. "झालं. संध्याकाळी घरपोच येतंय. पैसे पण भरलेत. आणि ऐक, मी सेटिंगच करून टाकलं. दर महिन्याला आपोआप येत राहील. आता तू बिलकुल टेन्शन घेऊ नको."

त्याचा आवाज खूश होता. आईचं काहीतरी केल्याचं समाधान होतं त्यात, आणि ते खोटं नव्हतं.

मला म्हणायचं होतं की सेटिंग काढ आणि तू ये. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"बरं झालं रे," मी म्हणाले. "मोठी काळजी मिटली."