तीच सीडी, तेच यंत्र

आखातात नोकरीला असलेला माझा भाऊ त्या दिवाळीला सुट्टीवर आला तो दोन सीडी प्लेअर घेऊन. एक पेडगावला आमच्या बाबांसाठी, दुसरा मानवतला माझ्या सासऱ्यांसाठी. कंपनी एक, स्पीकर सारखे आणि बासरीच्या एकाच सीडीच्या दोन प्रती. बहिणीच्या सासरी कुणाला डावंउजवं वाटू नये म्हणून त्यानं ही काळजी घेतली होती. भांडण नेमकं त्यावरूनच झालं.

आमचे मामंजी भुसार मालाचे अडते. ज्वारीची मूठ हातात घेऊन ती कुठल्या शिवारातली ते सांगायचे, आणि कानाचे त्याहून चोखंदळ. दिवाळीत माझ्याबरोबर पेडगावला आले, बाबांच्या खोलीत बसून बासरी ऐकली. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या भावानं चांगलं यंत्र बापाला दिलं. आपल्या इथं खणखण वाजायलंय."

मी बी.एस्सी. झालेली, तीही फिजिक्स घेऊन. ज्या विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा अजून मिटायचा होता, तिथली पदवी. सासरी ती पहिल्यांदाच उपयोगी पडणार होती.

"मामंजी, सीडीवर आवाज नसतोच. नुसते आकडे असतात. इथलं यंत्र तेच आकडे वाचतं, तिथलंही तेच. फरक पडेलच कसा?"

"आकडे तर फोनवर भाव सांगताना बी तेच असतात," ते म्हणाले. "पण एक माणूस सांगतो तर बरं वाटतं, दुसरा सांगतो तर छातीत धस्स होतं."

मला हसू आलं. पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता, म्हणून मी तोंडाला पदर लावला.

घरी आल्यावर ते रोज बासरी लावायचे आणि मध्येच बंद करायचे. शेवटी मीच म्हणाले, एकदा सोक्षमोक्ष लावू. आमचं यंत्र गोधडीत गुंडाळलं, मामंजींनी ते मांडीवर घेतलं आणि आम्ही पुन्हा पेडगाव गाठलं.

बाबांना हे कळल्यावर ते अंगणातच व्याह्यांना म्हणाले, "इवाई, आमी काय दुजाभाव करणारी माणसं वाटलो व्हय?"

"तसं न्हाई हो. जरा ऐकून बघू, इतकंच."

मी दाराला चादर बांधली, दोन्ही यंत्रं पलीकडे ठेवली आणि एकाच स्पीकरला आलटून पालटून जोडली. दोन्ही व्याही अलीकडे मांडी घालून, डोळे मिटून. कुठलं यंत्र चालू आहे ते फक्त मला ठाऊक. पहिल्यांदा दोघं घोटाळले. मग मी एकच यंत्र चालू ठेवून आवाजाचं बटण केसभर पुढं सरकवलं.

"हे आमचं!" दोघं एकदम ओरडले.

"कशावरून?"

"लय ग्वाड हाय की," बाबा म्हणाले, आणि मामंजींनी मान डोलावली.

मी चादर सोडली आणि खरं काय ते सांगितलं. दोघं आधी ओशाळले, मग पोट धरून हसले. आईनं धपाटे वाढले. निघताना, मनात शंका राहायला नको म्हणून बाबांनी आपलं यंत्र मामंजींना दिलं आणि आमचं ठेवून घेतलं.

मानवतला येऊन ते लावलं, तर खणखण तशीच! मी विजेच्या दाबाला दोष दिला, वायरी बदलल्या, स्पीकर हलवले. माझी पदवी पुरती घामाघूम झाली.

मग एके दिवशी बाबाच मानवतला आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "इवाई, तुमचं यंत्र वापस घ्या. पाचसहा दिवसांपासून आमच्या इथं बी खणखण वाजायलंय."

"पाचसहा दिवसांत घरात काही बदललं का?" मी विचारलं.

"काय बदलणार? कापूस तेवढा खरेदी केंद्रावर घातला."

बाबांच्या त्या खोलीत कापूस भरलेला होता! दोन भिंतींना लागून थेट आढ्यापर्यंत. दिवाळीत मी त्यालाच टेकून बसले होते. मी उठले, आमच्या बैठकीत मधोमध उभी राहिले आणि टाळी वाजवली. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, पत्र्याचं छत. टाळी चारी बाजूंनी परत आली. आकडे सगळीकडे तेच होते. पण त्यांचा आवाज झाल्यावर तो भिंतींना आपटून कानापर्यंत येत होता.

मामंजींना ते पटायला वेळ लागला नाही. त्यांनी दुकानातून ज्वारीची पोती आणून भिंतीला लावली, वर गाद्या टाकल्या. बासरी एकदम मऊ झाली. दोन्ही व्याही पोत्यांना टेकून डोळे मिटून ऐकत बसले आणि थोड्या वेळानं बाबा घोरायला लागले. सासूबाईंनी दारातून ते पाहिलं. "उंदीर झाले तर बासरी त्यांनाच ऐकवा," म्हणाल्या. आठवड्यात पोती गेली, गाद्या मात्र राहिल्या.

यंत्रं पुन्हा बदलायचं कुणी नाव काढलं नाही. बाबांचं यंत्र आमच्याकडेच राहिलं. दुपारी घरात कुणी नसलं की मी ते लावायची. दोन्ही यंत्रांत काडीचा फरक नाही, हे मीच तर सिद्ध केलं होतं. तरी मला ते जरा जास्तच गोड वाजतंय असं वाटायचं. मामंजींना मी हे कधी सांगितलं नाही.