रिकाम्या प्रेसचा आवाज

तो एमआयडीसीत पॉवर प्रेसवर पत्रा कापतो आणि केडगावात आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. यंत्रांच्या आवाजांवर नाचाचा ठेका धरणाऱ्या एका परदेशी बँडचा तो चाहता आहे. ती गाणी तो डोळे मिटून, मान जराही न हलवता ऐकतो.

बँडचं नवं गाणं आलं आणि चाहत्यांच्या मोबाईल ग्रुपवर कौतुक सुरू झालं. यानं एकच ओळ लिहिली, "यातला प्रेस रिकामा चालतोय. खाली पत्रा न्हाई."

"काका, तुम्ही कारखाना सांभाळा," एकानं सुनावलं. दुसऱ्यानं त्याला ग्रुपमधून काढायची मागणी केली. या गाण्यांवर बोलायला त्याच्याकडे दुसरी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारून त्यानं दहा ठोके रिकामे आणि दहा पत्र्यावरचे मोबाईलवर रेकॉर्ड केले. ग्रुपवर टाकण्याआधी मला ऐकवले. मला फरक कळेना.

"लई घाई करताय. ठोक्याच्या आतलं ऐका."

तिसऱ्या वेळी कळलं. पत्रा तुटताना ठोक्याच्या पोटात एक बारीक चिरका आवाज येतो. नव्या गाण्यात तो खरंच नव्हता. हजारो मैलांवरचं यंत्र या माणसानं इथे बसून ओळखलं होतं.

त्यानं दोन्ही रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकली. मग त्याला काका म्हणणाऱ्यानंच लिहिलं, "बरोबर आहे तुमचं. आता ते गाणं ऐकवत नाही."

यानं लगेच उत्तर टाकलं, "ऐका की. गाणं वाईट हाय असं मी कुठं म्हनलो?"